जमीन अचानक खचते काय?

जमीन खचून एखादे घर, एखादी मोटार किंवा एखादा माणूस गडप झाला, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक शब्द हटकून आढळतो. तो शब्द म्हणजे 'अचानक'. 'रस्त्याला अचानक भगदाड', 'जमीन अचानक खचली', असे मथळे आपण सर्वांनी वाचलेले आहेत. चौकशीच्या अहवालात हाच शब्द येतो आणि नुकसानभरपाईच्या अर्जावर साहेबांनी मारलेल्या शेऱ्यातही तोच असतो. ह्या शब्दाची एक मोठी सोय आहे. जे अचानक घडते ते कोणी घडवलेले नसते. आणि जे कोणी घडवलेले नसते, त्याचा जाब तरी कोणाला विचारायचा? आजच्या विवेचनात ह्या एका शब्दाची उलटतपासणी करावी, असा आमचा विचार आहे.

आम्ही भूगर्भशास्त्राचे पंडित नव्हे. शाळा आम्हाला नववीत सोडावी लागली. त्यानंतर जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर वाचले. उमेदीची वर्षे गेली ती चर खणणारे, नळ टाकणारे, भुयारी गटारे साफ करणारे कामगार संघटित करण्यात. काही वर्षांपूर्वी एका शहरात जलवाहिनीसाठी खणलेल्या बारा फूट खोल चराची कड ढासळली आणि आमच्या संघटनेचे दोन सभासद गाडले गेले. कडेला फळ्यांचा आणि धिऱ्यांचा आधार नव्हता. शेजारच्या जुन्या नळातून पाणी पाझरून माती भिजली होती, आणि कामगारांनी ते आदल्याच दिवशी मुकादमाच्या कानावर घातले होते. चौकशीच्या कागदावर मात्र कारण लिहिले गेले : 'माती अचानक ढासळली.' तेव्हापासून हा विषय आम्ही मिळेल तिथून वाचीत आलो. जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

धरणी दुभंगून माणसाला पोटात घेते, ही कल्पना आपल्याला नवी नाही. सीतामाईची कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकली आहे. त्या कथेत धरणी न्याय करते. प्रत्यक्षातली धरणी न्यायही करीत नाही आणि अन्यायही करीत नाही. तिच्या पोटात पोकळी असेल आणि पोकळीवरचे छत वरचा भार पेलण्यास असमर्थ झाले असेल, तर ती खचते. प्रश्न एवढाच उरतो, की पोकळी आली कुठून, आणि कालपर्यंत उभे असलेले छत आज का पडले?

प्रथम पोकळीचा विचार करू. निसर्गात अशा पोकळ्या मुख्यतः चुनखडकाच्या प्रदेशात आढळतात. चुनखडक म्हणजे फार दूरची वस्तू नव्हे. आपल्या घरातली शहाबादी फरशी ही चुनखडकाचीच. तिच्यावर लिंबाचा रस सांडला आणि वेळीच पुसला नाही, तर तेवढ्या जागेची झिलई जाते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. आम्ल लागले की हा दगड विरघळतो. पावसाचे पाणी हवेतून खाली येताना थोडा कर्बाम्लवायू आपल्यात मुरवून घेते, आणि कुजलेल्या पालापाचोळ्याच्या मातीतून झिरपताना त्याहून कितीतरी अधिक घेते. त्यामुळे ते अगदी सौम्य असे आम्ल बनते. लिंबाच्या मानाने ते काहीच नव्हे. पण त्याच्यापाशी वेळ भरपूर असतो. खडकाच्या भेगांतून वाहताना हे पाणी भेगांच्या कडा कणाकणाने विरघळवीत जाते. हजार वर्षांत खडकाची झीज जेमतेम काही सेंटिमीटर होते. परंतु लाखो वर्षांच्या हिशेबात भेगांची भुयारे होतात आणि भुयारांच्या गुहा होतात. युरोपातील स्लोव्हेनिया देशाच्या ज्या पठारावर असा प्रदेश प्रथम अभ्यासला गेला, त्याच्या नावावरून अशा भूमीला जगभर 'कार्स्ट' म्हणतात. डोलोमाइट हा चुनखडकाचा भाऊबंद; त्यात चुन्याबरोबर मॅग्नेशियम असते. तोही असाच, थोडा सावकाश, विरघळतो.

पण गुहा झाली म्हणजे जमीन खचली, असे नव्हे. तशा गुहा लाखो वर्षे सुखाने उभ्या आहेत. धोका बहुधा गुहेच्या दगडी छतात नसतो. तो असतो खडकाच्या वर साचलेल्या मातीत. गुहेला वरच्या बाजूस एखादे तोंड असते. त्या तोंडातून वरची माती पाण्याबरोबर थोडी थोडी खाली गुहेत उतरत राहते. खाली जागा होते तशी वर मातीतच एक पोकळी तयार होते, आणि ती हळूहळू वर वर चढू लागते. जमिनीवर उभा असलेल्या माणसाला ह्यातले काहीच दिसत नाही.

हे का दिसत नाही, हे समजण्यासाठी कणगीचे उदाहरण घेऊ. मोठ्या कणगीच्या तळाशी भोक पडून धान्य गळू लागले, तर दर वेळी वरचा थर लगेच खाली बसत नाही. दाणे एकमेकांना रेटून धरतात, धान्याची कमान बनते, आणि वरून कणगी भरलेली दिसत असताना मध्ये पोकळी वाढत जाते. मोठ्या कोठारात अशा धान्यावर पाय देणारा माणूस त्या कमानीसकट खाली जातो आणि गुदमरून मरतो. जमिनीच्या बाबतीतही नेमके हेच घडते. मातीची कमान दोन्ही बाजूंच्या घट्ट भागावर टेकून उभी राहते. पोकळी रुंदावते तशी कमान ताणली जाते, पातळ होते, आणि शेवटी कोणत्याशा निमित्ताने तुटते. ते निमित्त पावसाचे असेल, फुटलेल्या नळाचे असेल, किंवा वरून गेलेल्या मालमोटारीचे असेल.

दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग येथील प्राध्यापक जेनिंग्ज व त्यांचे सहकारी ह्यांनी 1965 साली ह्या प्रक्रियेची फार स्वच्छ मांडणी केली. त्यांच्या मते असे विवर पडण्यास पाच गोष्टी जुळून याव्या लागतात. कमानीला टेकण्यास दोन्ही बाजूंना भक्कम आधार हवा. माती कमान धरण्याजोगी हवी. कमानीखाली पोकळी हवी. त्या पोकळीखाली गळालेली माती साठवणारी आणखी एक जागा, आणि तिथवर माती वाहून नेणारे पाणी हवे. आणि सर्वांत शेवटी कमान मोडणारे काहीतरी निमित्त हवे. ह्या पाचांपैकी 'अचानक' घडते ते फक्त पाचवे. पहिली चार वर्षानुवर्षे चाललेली असतात.

जेनिंग्जना हा अभ्यास का करावा लागला, ती हकीकत आम्हाला विशेष महत्त्वाची वाटते. जोहान्सबर्गच्या पश्चिमेस कार्लटनव्हिल नावाचे सोन्याच्या खाणींचे गाव आहे. तेथे सोन्याचे थर खूप खोल आहेत, आणि त्यांच्यावर डोलोमाइटची ठिकठिकाणी हजार मीटरच्या आसपास जाडीची चादर पसरलेली आहे. हा डोलोमाइट पाण्याने तुडुंब भरलेला होता. त्यात अग्निजन्य खडकाचे उभे पट्टे भिंतीसारखे गेलेले आहेत. असे पट्टे आपल्या धुळे-नंदुरबार भागातही रानात भिंतीप्रमाणे उभे दिसतात. ह्या भिंतींमुळे तेथील भूजलाचे वेगवेगळे कप्पे झाले होते. कप्पा भरला की भिंतीपाशी पाणी झऱ्याच्या रूपाने वर ओसंडे. तेथील लोक ह्या झऱ्यांना 'डोळे' म्हणत, आणि त्यांच्या पाण्यावर शेती करीत.

सोने काढायचे तर खाणीत शिरणारे पाणी उपसणे भाग होते. उपसलेले पाणी त्याच कप्प्यात सोडले तर ते फिरून खाणीत येई. म्हणून संपूर्ण कप्पाच कोरडा करावा, असे ठरले. ह्या धोरणाला सरकारची संमती मिळाली. ओबरहोल्झर नावाच्या कप्प्यातून प्रचंड प्रमाणात पाणी उपसले जाऊ लागले, भूजल खोल खोल गेले आणि तेथला 'डोळा' मिटला. पाण्याच्या हिशेबात ही फक्त बचत होती. जमिनीचा हिशेब मात्र कोणी फारसा मांडला नव्हता.

12 डिसेंबर 1962 रोजी वेस्ट ड्रीफॉन्टेन खाणीवर खनिज भरडण्याचा तीन मजली कारखाना जमिनीत गेला. विवर सुमारे 55 मीटर रुंद आणि 30 मीटर खोल होते. त्यात 29 माणसे गेली. ऑगस्ट 1964 मध्ये शेजारच्या ब्लायफूर खाणीच्या वसाहतीत रात्री घरे खाली गेली आणि एकाच कुटुंबातील पाच जीव गेले. डिसेंबर 1962 ते फेब्रुवारी 1966 ह्या अवधीत त्या भागात 50 मीटरहून रुंद आणि 30 मीटरहून खोल अशी आठ मोठी विवरे पडली. लहानसहान तर पुष्कळच.

पाणी उपसल्याने जमीन का खचावी? ह्याची कारणे दोन, आणि दोन्ही आपल्या रोजच्या अनुभवातली आहेत. विहिरीतून घागर ओढताना ती पाण्यात असते तोवर हलकी लागते. पाण्याबाहेर आली की दोर हाताला काचतो. पाणी घागरीला खालून उचलून धरीत असते. भूजल मातीला व पोकळ्यांच्या छतांना असेच उचलून धरते. ते काढून घेतले की तीच माती जड होते. आधार गेला आणि भार वाढला. दुसरे कारण असे, की पाणी वरपर्यंत भरलेले असते तेव्हा भूमीच्या पोटात फारसा ओघ नसतो. पातळी खोल गेली की पावसाचे किंवा गळक्या नळाचे पाणी वरून खाली थेट झेप घेते आणि वाटेतली माती ओढून नेते. ज्या गुहा आजवर पाण्याने भरलेल्या होत्या, त्या आता माती साठवण्यास मोकळ्या झालेल्या असतात. जेनिंग्जच्या पाच अटींपैकी तीन माणसाने स्वतःच्या पंपाने पुऱ्या केल्या, असेच म्हणावे लागेल.

येथे आमच्या धंद्यातला माणूस एक प्रश्न विचारल्याशिवाय राहणार नाही. कप्पा कोरडा करण्याचा निर्णय कोणी घेतला, आणि त्या कप्प्याच्या छतावर कोण उभे होते? त्या काळी तेथील खाणींत राबणारे बहुसंख्य मजूर काळे आणि परमुलखातून आणलेले होते. त्यांच्या संघटनेला कायद्याची मान्यता नव्हती. 1946 साली त्यांनी मोठा संप केला, तो बळाने चिरडण्यात आला. त्यानंतर काळ्या खाणकामगारांची भक्कम संघटना उभी राहण्यास 1982 साल उजाडावे लागले. जमिनीत तडे दिसले, तर 'आम्ही तिथे कामाला जाणार नाही' असे म्हणण्याची मुभा त्या 29 जणांना नव्हती. शेतकऱ्यांचे झरे आटले, जमिनी खचल्या, तेव्हा 1964 साली खाणमालकांनी भरपाईसाठी एक संस्था काढली. भूमीवर देखरेख ठेवण्यास तांत्रिक समितीही नेमण्यात आली. गुरुत्वमापक यंत्राने भागच्या भाग तपासण्यात आले. जिथे खाली पोकळ असते तिथे पृथ्वीची ओढ किंचित कमी भरते, ह्या तत्त्वावर हे यंत्र चालते. म्हणजे शोधण्याचे साधन माणसापाशी होते. ते मोठ्या प्रमाणावर वापरले गेले ते माणसे गेल्यानंतर.

असे वाटेल, की हा खाणींचा प्रश्न आहे, शेतीवाडीचा नव्हे. तसे नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांत चुनखडकावर वसलेला आहे. जानेवारी 2010 मध्ये तेथे कडाक्याची थंडी पडली. स्ट्रॉबेरीचे पीक जळू नये म्हणून शेतकऱ्यांनी सलग अकरा दिवस भूजल उपसून रोपांवर फवारले. पाण्याचा बर्फ होताना रोपांना ऊब मिळते, अशी ती युक्ती. भूजल सुमारे 60 फूट उतरले आणि प्लांट सिटी नावाच्या गावाच्या परिसरात शंभराहून अधिक विवरे पडली. येथे कोणी दुष्ट नव्हते. प्रत्येकाने आपले पीक वाचवले. परंतु सर्वांच्या पंपांचा मिळून एक पंप झाला, आणि त्याचा हिशेब ठेवणारे कोणी नव्हते.

आता शहरांकडे वळू. शहरात विवर पडण्यास चुनखडक लागतोच असे नाही; सैल माती आणि फुटकी गटारे एवढी सामग्री पुरते. मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला सिटी हे शहर ज्वालामुखीच्या भुसभुशीत राखेच्या थरावर उभे आहे. तेथे फेब्रुवारी 2007 मध्ये आणि पुन्हा 30 मे 2010 रोजी विहिरीसारखी गोल, उभ्या भिंतींची प्रचंड विवरे पडली. दुसऱ्या खेपेस वादळी पाऊस झाला होता आणि एक तीन मजली इमारत त्यात नाहीशी झाली. पावसाला दोष देणे सोपे होते; पण जाणत्यांनी बोट दाखवले ते गळक्या भुयारी गटारांकडे. गटारातून पाणी बाहेर पडते, राख वाहून नेते, आणि पोकळी वर चढत राहते. कणगीचीच गोष्ट पुन्हा.

आणि हे गरीब देशांतच घडते असेही नाही. 28 जानेवारी 2025 रोजी जपानमधील साइतामा प्रांतात याशिओ शहराच्या चौरस्त्यावर जमीन खचली. त्यात एक मालमोटार गेली आणि तिचा 74 वर्षांचा चालक गेला. त्या वयातही तो मालमोटार हाकीत होता, ह्याची नोंद कामगार चळवळीतल्या माणसाने घेतली पाहिजे. त्याचा देह मे महिन्यात हाती लागला. रस्त्याखाली सुमारे दहा मीटर खोलीवर 1983 साली घातलेली, पावणेपाच मीटर व्यासाची मैलापाण्याची वाहिनी होती. मैल्यातून जो हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो, त्याचे नळाच्या वरच्या भागात गंधकाम्ल बनते आणि ते काँक्रीट खाते. शहाबादी फरशीवरच्या लिंबाची ही थोरली आवृत्ती. नळाला भोक पडले की आजूबाजूची माती आत वाहून जाते. सुटकेच्या कामासाठी सुमारे बारा लाख लोकांना आंघोळ व धुणे आवरते घेण्यास सांगावे लागले. एका नळाच्या पोटावर केवढी लोकवस्ती विसंबून असते, ते ह्यावरून कळेल.

आपल्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बसाल्ट खडकाचा. तो चुनखडकासारखा विरघळत नाही. चुनखडक आहे तो मुख्यतः चंद्रपूर, यवतमाळ ह्या बाजूस. म्हणून आपल्याकडे जी भगदाडे पडतात ती बहुतांशी माणसाने केलेल्या आणि माणूस विसरलेल्या पोकळ्यांची असतात. जुन्या गावांत धान्याची पेवे असत. ती वापरातून गेली, वर माती लोटली गेली, आणि कधी तरी बैलाचा पाय आत गेला म्हणजे गावाला पेव आठवे. शहरांनी हेच विहिरींच्या बाबतीत केले. 13 जून 2021 रोजी मुंबईत घाटकोपरला एका इमारतीच्या आवारात उभी मोटार पाहता पाहता जमिनीत बुडाली. तिथे जुनी विहीर होती. तिच्या काही भागावर काँक्रीट टाकून गाड्या लावण्यास जागा केलेली होती. 20 सप्टेंबर 2024 रोजी पुण्यात बुधवार पेठेत सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा, गटारे साफ करणारा ट्रक मागच्या बाजूने सरळ खाली गेला. चालक वाचला. दोन्ही ठिकाणी लोकांनी चित्रे पाहून आश्चर्य केले. आम्हाला मात्र ट्रक कोणाचा होता हे पाहून हसूही येईना. गटारे साफ करणारी माणसे शहराच्या पोटावरच काम करतात, आणि त्या पोटात काय आहे ह्याचा नकाशा त्यांच्या हाती नसतो.

विसरलेल्या पोकळ्यांत सर्वांत मोठ्या आहेत त्या कोळशाच्या खाणींच्या. भूमिगत खाणीत कोळसा काढताना मध्ये मध्ये कोळशाचेच खांब सोडतात; वरचे छत त्यांच्यावर उभे असते. पुढे खाण संपत आली, की हे खांबही काढून नेण्याचा मोह होतो, कारण खांब म्हणजे तयार कोळसा. खांब काढले तर रिकाम्या जागेत पाण्याबरोबर वाळू भरावी, असे शास्त्र सांगते. वाळूला पैसा लागतो आणि कोळशाला पैसा मिळतो. ह्या एका ओळीत झरिया आणि राणीगंजच्या कोळसापट्ट्याचे पुष्कळसे दुःख आले. झरियाच्या पोटातली पहिली आग 1916 साली नोंदली गेली. आग कोळसा खाते, म्हणजे उरलेले खांबही खाते. तेथील वस्त्या सुरक्षित जागी हलवण्याची मोठी योजना सरकारने 2009 साली मंजूर केली. तरी मे 2017 मध्ये झरियात बाप आणि मुलगा पायाखालची जमीन जाऊन धगधगत्या भेगेत गेले. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. 26 ऑगस्ट 2022 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे, जुन्या भूमिगत खाणीच्या भागात, एक राहते घर सगळ्यांच्या देखत जमिनीत उतरले. घरातली माणसे धोका ओळखून वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. नंतर त्या वस्तीतील कित्येक कुटुंबांना बिऱ्हाडे हलवावी लागली.

त्या घरातल्या माणसांना जमिनीने काहीतरी आधी सांगितले, आणि त्यांनी ते ऐकले. जमीन पुष्कळदा सांगते. प्रश्न असतो तो ऐकणाऱ्याचा. ह्याचे एक नामी उदाहरण अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात घडले. तेथे पेन्यूर नावाचे उथळ तळे होते आणि तळ्याखाली मिठाची खाण होती. 20 नोव्हेंबर 1980 रोजी तळ्यात तेलासाठी वेध घेणाऱ्यांचे गिरमिट खाणीच्या छतात शिरले. मीठ म्हणजे पाण्यात विरघळण्यात चुनखडकाचा कितीतरी पटींनी वरचढ. भोक रुंदावले, तळ्याचा भोवरा झाला आणि तळे, तेलवेधाचा मचवा, अकरा पडाव व काठची जमीन खाणीत गेली. त्या वेळी खाणीत 55 माणसे होती. खाली एका वीजकामगाराला नको त्या ठिकाणी पाणी दिसले. त्याने धोक्याचा इशारा दिला, तो इशारा मानला गेला, आणि सर्वच्या सर्व 55 माणसे वर आली. वेस्ट ड्रीफॉन्टेनचा कारखाना आणि पेन्यूरची खाण ह्यांच्यातला फरक नशिबाचा म्हणता येईल, पण तेवढाच नव्हे. एका ठिकाणी कामगाराच्या डोळ्यांना किंमत होती.

तेव्हा ही लक्षणे कोणती, ते सांगणे आमचे कर्तव्य आहे. जमिनीवर किंवा रस्त्यावर गोलाकार किंवा कमानीसारखे नवे तडे दिसणे; दारे-खिडक्या एकाएकी अडकू लागणे; खांब, कुंपण वा झाड कलणे; नळाला किंवा विहिरीला गढूळ पाणी येऊ लागणे; तळ्याचे वा डबक्याचे पाणी कारणाशिवाय नाहीसे होणे; ऐन उन्हाळ्यात रस्त्याचा एखादा तुकडा ओला राहणे; आणि पहार आपटली असता भुई पोकळ वाजणे. ह्यांपैकी एकेक लक्षण निरुपद्रवी असू शकेल. दोन-तीन एकत्र दिसली, तर त्या जागेभोवती दोर बांधावा, माणसे व गाड्या दूर ठेवाव्यात आणि पाणी कुठून येते त्याचा शोध घ्यावा. पाणी हेच ह्या सगळ्या कथेतले कामकरी आहे. ते थांबवले की काम थांबते. डोलोमाइटवर वस्ती असलेल्या दक्षिण आफ्रिकेत पुढे हाच धडा शिकवला गेला : तेथील बहुतेक नवी विवरे गळक्या नळांनी व तुंबलेल्या पाण्याने पडतात असे आढळले, म्हणून नळ गळू न देणे आणि पाणी साचू न देणे हे घर बांधण्याच्या नियमांतच घालण्यात आले.

पडलेले विवर बुजवण्याचीही रीत आहे. ट्रकभर मुरूम ओतून वर डांबर फासले, तर तीच माती पुढल्या पावसात पुन्हा खाली जाते. प्रथम तळाचे तोंड सापडेपर्यंत उकरावे, त्यावर मोठे धोंडे बसवावेत, त्यांवर लहान दगड, मग खडी, मग वाळू, आणि शेवटी वर घट्ट चिकणमाती. म्हणजे पाण्याला वाट मिळते, पण मातीला मिळत नाही. वेळ आणि मजुरी जास्त लागते, म्हणून हे टाळले जाते.

हे सारे पाहिल्यावर 'अचानक' ह्या शब्दाबद्दल काय म्हणावे? कमान तुटते ती क्षणात, हे खरे. परंतु ती तुटण्याजोगी होते ती पंपांनी, गळक्या नळांनी, काढून नेलेल्या खांबांनी आणि झाकून टाकलेल्या विहिरींनी. ह्यांतल्या प्रत्येकाची तारीख असते, खर्चाचा कागद असतो आणि खाली कोणाची तरी सही असते. निसर्गाच्या गुहा आपल्या हातच्या नाहीत, एवढे मान्य केले तरी बाकीचा वाटा आपला उरतोच.

म्हणून आमचे मागणे साधे आहे, आणि ते केवळ कामगारांपुरते नाही. प्रत्येक शहरातील जुन्या विहिरी, नाले, भुयारी गटारे आणि जलवाहिन्या, तसेच खाणपट्ट्यांतील बंद पडलेल्या खाणी, ह्यांचे नकाशे लोकांना पाहण्यास खुले असावेत. नळ आणि गटारे ह्यांचे वय लिहून ठेवावे आणि ती फुटण्यापूर्वी तपासावीत. चौकशीच्या अहवालात 'अचानक' हा शब्द कारणाच्या रकान्यात लिहिण्यास मनाई असावी. तेथे पाणी कुठले आणि पोकळी कोणाची, एवढे लिहावे. आणि शेवटचे, जे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते : 'भुई पोकळ वाजते' असे जो मजूर संध्याकाळी सांगेल, त्याची दुसऱ्या दिवशीची रोजी बुडू नये. चरातल्या त्या दोघांच्या सोबत्यांनी आदल्या दिवशी सांगितले होते. त्यांना पुन्हा सांगण्याचा धीर झाला नाही, कारण काम बंद म्हणजे मजुरी बंद, हे त्यांना चांगले ठाऊक होते.